इंदापूर तालुक्यातली जहाजं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. नंतर तुम्हाला माझी दया येईल, आणि दया आली की नीट हसता येत नाही. चहा घ्या हातात, पण घोट जरा जपून. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याचं पातक माझ्या माथी बसलं.

तर एका मशीननं माझ्या आयुष्याची माती केली. नाही, चुकलो. माती मीच केली. मशीननं फक्त ती इंग्रजीत टाईप केली.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी बारामतीतल्या एका लहानशा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. गाव आमचं वरकुटे. आजोबांच्या काळात घरात मेंढरांचा मोठा कळप होता. वडिलांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, तरुणपणी त्या कळपामागं पायांचे तुकडे पाडले आणि मग शेतीला लागले. खुर्चीवर बसून पगार घेणारा घराण्यातला मी पहिलाच. पण ती खुर्चीसुद्धा अजून माझी कुठं होती? पीएचडी झाली तर कायम, नाहीतर हातात नारळ!

विषय घेतला होता इंदापूर तालुक्यातल्या मेंढीपालनाचं अर्थशास्त्र. विद्यापीठाकडून मुदतवाढ घेतली. मुदतवाढीला मुदतवाढ घेतली. शेवटी विद्यापीठानंच हात जोडले: महिनाअखेर प्रबंध द्या, नाहीतर विषय सोडा.

आणि नेमका त्याच आठवड्यात मी बावड्याला गेलो.

एका कळपातल्या एडक्याची, म्हणजे नर मेंढराची, छाती मोजायची राहिली होती. टेप घेऊन वाकलो. एडक्याला माझी संशोधनपद्धती पटली नसावी. तो शांतपणे मागं सरकला, मला वाटलं लाजला. लाजतोय कसला! असा आला, असा आला, की मी बांधापलीकडं आणि टेप अलीकडं. उजवा हात मनगटात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर. माझ्या संशोधनावर मिळालेला हा पहिला ठोस अभिप्राय.

आता प्रकरणं लिहायची कशी? सगळी डोक्यात होती, कागदावर एक ओळ नाही. आमच्या सौ., सुनंदा, म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी लिहून घेते." पण सुनंदाला काही सांगायचं म्हणजे दर वाक्याला "म्हणजे काय?" ऐकायची तयारी हवी. आणि खरं सांगू? त्यातल्या बऱ्याच वाक्यांचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता.

अशा वेळी देवासारखा धावून आला तो विलास. विलास म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ. त्याचा बारामतीत एसटी स्टँडाजवळ कॉम्प्युटर क्लास होता.

"दाजी, हात मोडला म्हणून काय झालं? तोंड शाबूत हाय न्हवं?"

"त्याचा काय उपयोग?"

"आवो, आता असली सीडी निघालीय, की तुमी निस्तं बोलायचं. कॉम्प्युटर ऐकतो आन् आपला आपण टाईप करतो. 'पुसून टाक' म्हणलं की पुसतो. 'सेव्ह कर' म्हणलं की सेव्ह करतो. अन् दाजी, स्पेलिंग? आयुष्यात चुकायचा न्हाय!"

घरात माझं ऐकणारं कुणीतरी येणार, या कल्पनेनंच मला भरून आलं. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी विलासनं क्लासमधला एक कॉम्प्युटर रिक्षात घालून आमच्या घरी आणला, माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि तोंडापुढं माईकची काडी ओढली. मी विमान चालवायला निघाल्यासारखा दिसत होतो.

पण मशीन आधी आपला आवाज ओळखायला शिकतं म्हणे. त्यासाठी पडद्यावर येणारे इंग्रजी उतारे मोठ्यानं वाचायचे. मी वाचू लागलो. आता माझं इंग्रजी म्हणजे वरकुट्याच्या विहिरीचं पाणी: जड, पण आरोग्याला चांगलं. मशीनला काही ते पचेना. दर ओळीला थांबायचं आणि लिहायचं, कृपया पुन्हा वाचा. पुन्हा वाचा. पुन्हा वाचा. इतकं नापास मला शाळेतही कुणी केलं नव्हतं.

माझा हात मोडल्याचं कळल्यावर तात्या गावाहून आले होते. ते कोपऱ्यात बसून सगळं बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "कुणाशी बोलतूस रं?"

"मशीनशी, तात्या. माझा आवाज ओळखायला शिकवतोय."

"मेंढरू बी दोन दिसांत धन्याचा आवाज वळखतंय," तात्या म्हणाले. "हेला काय ऐकू यीत न्हाय का काय?"

शेवटी एकदाचं ते शिकलं, किंवा कंटाळलं. आणि मी प्रबंध सांगायला सुरुवात केली. काय सांगू त्याचे हाल! 'बारामती' म्हटलं की ते लिहायचं 'बरी माय टी', म्हणजे माझा चहा जमिनीत पुरा. 'इंदापूर तालुका' म्हटलं की 'इन डीपर टॉक टू कार', म्हणजे आणखी खोलात जाऊन गाडीशी बोला. मी खोकलो तरी एक शब्द उमटायचा. सुनंदानं स्वयंपाकघरातून "अहो!" म्हटलं की पडद्यावर यायचं 'आय ओ', म्हणजे मी देणं लागतो. तेवढं एक मात्र त्यानं बिनचूक ओळखलं होतं.

गावांची नावं, आपले शब्द मी डाव्या हाताच्या एका बोटानं दुरुस्त करायचो. ती अशी दुरुस्त केली की मशीन त्यांच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढायचं. वरकुटे लाल, बावडा लाल, एडका लाल. पानच्या पान रक्तबंबाळ! पण विलास म्हणाला, "त्या रेघांकडं ध्यान देऊ नका दाजी. त्याला आपली गावं ठावं न्हाईत, दुसरं काय?" मी ध्यान देणं सोडलं. हे वाक्य लक्षात ठेवा. इथंच मी मेलो.

तर कसाबसा प्रबंध पुरा झाला. विलासनं छापला, आणि मी पुण्याला आमच्या गाईड आपटे मॅडमकडं पाठवून दिला. आपटे मॅडम म्हणजे कडक काम. स्वल्पविराम चुकला तरी त्यांना रात्री झोप लागत नसे.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"काय हो, तुमच्या इंदापूर तालुक्यात बंदर कुठं आहे?"

मी म्हणालो, "बंदर? नाही हो मॅडम. उजनी धरणाचं पाणी आहे, पण बंदर..."

"मग ही जहाजं कुठून आली?"

"कुठली जहाजं?"

"तेच मी विचारतेय! मी पान उघडलं, की जहाजं चरताहेत. उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, वाढ्यावर! पुढच्या पानावर शेतकरी आपल्या रानात रात्रभर जहाजं बसवतो आणि त्यांच्या लेंडीखतानं जमीन सुपीक होते. जहाजांची लोकर कातरतात. एक जहाज गाभण आहे. आणि ऐका, 'दिवाळीनंतर तालुक्यातली बहुतेक जहाजं कोकणात जातात.' एवढं एक वाक्य मला पटलं होतं. पण पुढं तुम्ही लिहिलंय, ती पायी जातात!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शीप म्हणजे मेंढी आणि शिप म्हणजे जहाज, एवढं मलाही येतं हो. पण मी म्हणताना दोन्ही एकाच चालीवर म्हणत होतो. आणि ते मशीन काय ऐकत होतं, दगड! मी सांगितलेल्या प्रत्येक मेंढीचं त्यानं जहाज करून समुद्रात लोटलं होतं. बरं, स्पेलिंग बरोबर, म्हणून त्याखाली लाल रेघ नाही. वाचताना मलाही दिसलं नाही, कारण डोक्यात मेंढीच होती.

"सोमवारी शेवटचा दिवस आहे," मॅडम म्हणाल्या. "काय करायचं ते करा. पण एकसुद्धा शिप उरता कामा नये."

हा फोन शनिवारचा. मी विलासला धावत बोलावलं. प्रबंधाची पानं तीनशेच्या वर, आणि दर पानावर आरमार उभं. मी डोकं धरून बसलो. खरं तर अर्धंच धरलं, दुसरा हात प्लास्टरमध्ये.

विलास मात्र हसत होता. "दाजी, रडताय काय? एक हुकूम सोडा. 'शिप'च्या जागी 'शीप' घाल, सगळीकडं घाल. बास! डोळ्याचं पातं लवायच्या आत समदी जहाजं मेंढरं हुत्यात."

मी माईक तोंडापुढं ओढला. शिप आणि शीप ही दोन्ही स्पेलिंगं विलासनंच भरली, तिथं माझ्या उच्चारावर विसंबायची कुणाची छाती नव्हती. मी फक्त शेवटचा हुकूम सोडला, "रिप्लेस ऑल!" आणि त्या मशीननं पहिल्यांदा, मंडळी, पहिल्यांदा माझा शब्द एका दमात ऐकला.

तिथंच मला संशय यायला हवा होता.

रविवारी छपाई, बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. सोमवारी सकाळची एसटी धरून पुण्याला. मॅडमनी सही करायला पेन उचललं आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "सगळी गेली?"

मी छातीवर प्लास्टर ठेवून सांगितलं, "मॅडम, या प्रबंधात आता एकही शिप सापडणार नाही."

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यांनी सही केली.

पुढं काही महिने सुखात गेले. प्लास्टर निघालं. तोंडी परीक्षेचं पत्र आलं. तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते, कुणीही येऊन बसू शकतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष बापूराव म्हणाले, "मास्तर, आमी बी येनार." बापूराव ऊसवाले बागायतदार, जुनी मॅट्रिक, आणि आमच्यातलेच. त्यांच्याही आज्यानं मेंढरं वळलेली. कायम नोकरीचा कागद त्यांच्याच सहीनं निघणार होता, आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी त्यांचे भरभरून आभार मानले होते. मी म्हणालो, या की! त्यांच्या जीपमधून आम्ही निघालो: पुढं बापूराव, मागं मी, सुनंदा आणि धोतर-पटक्यातले तात्या.

परीक्षक दूरच्या विद्यापीठातले होते. वयस्क, गोरेपान, हळू बोलणारे. पहिल्या रांगेत बापूराव आणि तात्या. आपटे मॅडम कडेला. परीक्षकांनी माझा प्रबंध उघडला. त्यात रंगीत कागदांच्या खुणाच खुणा! ते इंग्रजीतच बोलत होते, पण मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

"तुमच्या प्रबंधातल्या एका गोष्टीनं मला थक्क केलं," ते म्हणाले. "तुम्ही संज्ञांची एक नवी मालिकाच घडवली आहे."

मी नम्रपणे मान हलवली. कसली मालिका?

"उदाहरणार्थ ही 'मेंबरशीप'. सहकारी सोसायटीची मेंबर-शीप. शीपचं स्पेलिंग मेंढीचं!"

मी वाकून बघितलं, खरंच मेंढी.

"मग 'ओनरशीप' आहे. 'रिलेशनशीप' आहे. दुष्काळातल्या 'हार्डशीप'वर तर आख्खं प्रकरण आहे. धनगर देवाची 'वर्शीप' करतात, तिथंही मेंढी. शब्दाच्या पोटात मेंढी बसवून तुम्ही माणूस आणि मेंढी यांचं नातं भाषेतच दाखवलंत! हे हेतुपुरस्सर आहे ना?"

आता उलगडा झाला. त्या विलासच्या हुकमानं मशीननं नुसती जहाजं पकडली नव्हती. जिथं जिथं शिप ही अक्षरं दिसली, मग ती कुठल्या का शब्दाच्या शेपटाला असेनात, तिथं तिथं त्यानं मेंढी नेऊन बांधली होती. आणि त्या सगळ्या शब्दांखाली लाल रेघा असणार. ज्यांच्याकडं मी ध्यान देत नव्हतो!

मी आपटे मॅडमकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. बहुतेक रामरक्षा.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरळ सांगितलं असतं, सर, चूक झाली. पण ते इतक्या कौतुकानं बघत होते हो! बापूराव बघत होते, तात्या बघत होते. आजवर माझ्याकडं असं कुणी बघितलंच नव्हतं.

मी म्हणालो, "होय सर. हेतुपुरस्सर."

सुनंदानं पदर तोंडाला लावला. तिला ठाऊक होतं, मला हेतू वगैरे कधीच नसतो.

"वा! मग जरा उलगडून सांगा."

आणि माझी जीभ सुटली. एकदा सुटली की ती काय थांबते? मी म्हणालो, "सर, मेंढी स्वतः विचार करत नाही. मान खाली घालते आणि पुढचीच्या मागं चालते. सहकारातला सभासदही तसाच. म्हणून मेंबर-शीप. ज्या शब्दाला मी शीप जोडलंय, तिथं असा अर्थ घ्यायचा, की हा माणूस डोकं न वापरता चालतो आहे."

परीक्षक लिहून घेत होते! भराभरा लिहून घेत होते! मला वाटलं, झालं, जिंकलो. डॉक्टर झालो. मी कपाळावरचा घामसुद्धा ऐटीत पुसला.

मग त्यांनी प्रबंधाचं पहिलं पान उघडलं.

"म्हणूनच मला हे पान सर्वांत धाडसी वाटलं. इथं तुम्ही आपल्या संस्थेच्या अध्यक्षांचे आभार मानलेत. त्यांच्या 'समर्थ चेअरमनशीप'बद्दल. आणि 'दूरदर्शी लीडरशीप'बद्दल."

बापूरावांनी सावकाश मान माझ्याकडं वळवली. जुनी मॅट्रिक वाईट हो! तेवढं इंग्रजी बरोब्बर येतं.

"मास्तर, शीप म्हंजी मेंढरू न्हवं का?"

"व्हय, बापूराव."

"आन् त्ये माज्या नावाला जोडलंय?"

"व्हय... म्हणजे न्हाय... म्हणजे जोडलंय, पण..."

"आन् आत्ता तुमीच म्हणला न्हवं, शीप म्हंजी डोकं नसल्यालं?"

धरणीमाते, पोटात घे, असं आपण म्हणतो. मी म्हणालो. तिनं घेतलं नाही. तिच्याही काही आवडीनिवडी असतील.

मग मी सगळं सांगून टाकलं. एडका, प्लास्टर, सीडी, जहाजं, रिप्लेस ऑल. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. शेवटी शेवटी तर नुसते हातवारे. परीक्षकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे संकल्पना अशी काही नाहीच?"

"नाही सर."

"मेंबरशीप म्हणजे नुसतीच मेंबरशिप?"

"नुसतीच, सर."

त्यांनी समोरचा लिहिलेला कागद उचलला. माझ्या कौतुकाचं भरलेलं पान! ते घडी करून त्यांनी खिशात घातलं आणि कोरा कागद घेतला. नवा शेरा लिहायला त्यांना फारसा वेळ लागला नाही: प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा.

जीपमध्ये बसून परत निघालो. मी तर डोळे उघडत नव्हतो. नोकरी गेली, डिग्री गेली, आणि वर अध्यक्षांना भर सभेत मेंढरू म्हणून आलो! आता वरकुट्याला जाऊन काय करायचं, याचा विचार चालू होता. मेंढरं वळावी म्हटलं तर तीही विकून टाकलेली.

शेवटी तात्याच बोलले. त्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळलेलं नव्हतं. "बापूराव, मला येक उमगंना. पोरगं बोलत व्हतं तवर सायेब लय खूश व्हता. मदीच काय झालं?"

बापूराव म्हणाले, "मदीच त्ये खरं बोललं, तात्या."

आणि मग ते जे हसायला लागले! ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यावी लागली. डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, मेंढरू म्हणल्याचा राग न्हाय. आमच्या घरानं मेंढरांवरच पोट भरलं. पर लीडर बी मेंढरू, मेंबर बी मेंढरू, मग राखायला कोन ठिवलंय तुमी? जावा, नीट लिवून आना. तवर कायमचा कागद माज्या टेबलावर ऱ्हाऊ द्या."

तुम्हाला वाटेल, सुटलो. पण माझं गळाठलेलं मन काही ताळ्यावर येईना. मशीनकडं मी पुन्हा फिरकलो नाही. विलासला घराच्या उंबऱ्याशी थोपवलं. एकेक शीप, एकेक शिप हातानं तपासली. सुनंदा शेजारी बसून दर वाक्याला विचारत होती, "म्हणजे काय?" जिथं मला सांगता आलं नाही, ते वाक्य मी खोडलं. प्रबंध निम्मा झाला.

पुन्हा सादर केला. पुन्हा तेच परीक्षक. या वेळी पहिल्या रांगेत कुणाला बसवलं नाही. परीक्षकांनी पानं उलटली, दोन साधे प्रश्न विचारले, आणि पास केलं. झालो एकदाचा डॉक्टर!

पण त्यांचा लेखी अभिप्राय मी अजून कुणाला दाखवलेला नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगतो. त्यांनी लिहिलंय, "भाषा निर्दोष आहे, पदवी देण्यास हरकत नाही. मात्र पहिल्या प्रबंधात जी स्वतंत्र प्रतिभा दिसली होती, ती उमेदवारानं स्वतः लिहिल्यामुळं यात कुठंच आढळत नाही."